सहकाराची ९७वी घटनादुरुस्ती: निम्म्या राज्यांची मंजुरी खरंच लागत होती का?

धागाकर्ता: सहकारी संस्थांविषयीची ९७वी दुरुस्ती संसदेने विशेष बहुमताने मंजूर केली आणि १५ फेब्रुवारी २०१२ पासून ती लागू झाली. २० जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने २ विरुद्ध १ मतांनी तिने राज्यघटनेत घातलेला, सहकारी संस्थांच्या कारभाराचा भाग नऊ-ख राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द केला. कारण, घटनादुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या अनुच्छेद ३६८ प्रमाणे निम्म्या विधिमंडळांचे ठराव घेतले नव्हते. मला निकाल पटत नाही. केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या सातव्या अनुसूचीतला शब्दही बदलला नव्हता. सहकारी संस्था राज्यसूचीत ३२व्या नोंदीतच होत्या. भाग नऊ-ख मधले नियम म्हणजे संचालक जास्तीत जास्त २१, मुदत ५ वर्षं, मंडळ बरखास्त केलं तरी ६ महिन्यांच्या आत निवडणूक (सहकारी बँकांना १ वर्ष). सभासदाचं यात भलंच होतं.

प्रतिसाद १: असहमत. नोंद जागेवर ठेवली, पण कायद्यात काय लिहायचं ते दिल्लीने ठरवलं. विसंगत कायदे वर्षभरात बदला, नाहीतर ते आपोआप निष्प्रभ, अशीही तरतूद होती. मग अनुच्छेद २४६(३) मधला राज्याचा अनन्य अधिकार उरला कुठे? तो बदलायचा तर ठराव हवेतच. पंचायतींचा विषयही राज्यसूचीतलाच, ५वी नोंद. ७३व्या दुरुस्तीला मात्र राज्यांची मंजुरी रीतसर घेतली होती.

धागाकर्ता: पण त्या मंजुरीला वजन किती? विधानसभेला मसुद्यात काना-मात्राही बदलता येत नाही. फक्त हो किंवा नाही, तेही साध्या बहुमताने. जीएसटीचं विधेयक राज्यसभेत ३ ऑगस्ट २०१६ ला मंजूर झालं, ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. निम्म्याहून जास्त राज्यांचे ठराव तेवढ्यात उरकले. खरी कसोटी संसदेतल्या विशेष बहुमतातच लागते. लोकसभेत ३९० जण मतदान करत असतील तर दोन तृतीयांश म्हणजे २६०, पण तेवढ्याने भागत नाही. ५४३ चं निम्मं ओलांडायला २७२ लागतातच. शिवाय दोन्ही सभागृहांत वेगवेगळं, संयुक्त बैठकीची सोय नाही.

प्रतिसाद २: सव्वा महिन्यात होणारं काम होतं, तर ते टाळलं कशाला? तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातंय. आणि सगळंच गेलेलं नाही. अनुच्छेद १९(१)(ग) मधला सहकारी संस्था काढण्याचा हक्क टिकला, बहुराज्य संस्थांना भाग नऊ-ख आजही लागू आहे. महाराष्ट्राने १९६० च्या आपल्या सहकारी संस्था अधिनियमात २०१३ साली केलेले बदल हा राज्याचा स्वतःचा कायदा, त्याला या निकालाने धक्का लागत नाही.

धागाकर्ता: धक्का नाही, पण आधारही नाही. आता विधानसभेत साध्या बहुमताने ती ६ महिन्यांची मर्यादा काढता येते. प्रशासक वर्षानुवर्षं बसला की काय होतं, हे साखर कारखान्याच्या सभासदाला विचारा.

प्रतिसाद १: ही काळजी रास्त आहे. मग तोच भाग पुन्हा मांडा आणि २८ पैकी १४ राज्यांचे ठराव घ्या. न्यायालयाने मजकुराला नाही, कार्यपद्धतीला दोष दिलाय.