घरातल्या मोटरीला बाहेरच्या सर्व्हरची परवानगी कशाला?

सिडकोकर (छत्रपती संभाजीनगर)

आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. कधी पहाटे, कधी रात्री अकराला. हौद भरला की ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. वडिलांचे गुडघे दुखतात, त्यांना जिना उतरून हौदापाशी जायला लागू नये म्हणून मोटरीला वायफायचा स्विच बसवून घेतला. चांगला चालत होता. फोन आणि स्विच एकाच वायफायवर असले की इंटरनेट नसतानाही मोटर सुरू व्हायची, आणि तेवढ्यासाठीच तो घेतला होता.

मध्यंतरी कंपनीने ॲप बदललं. आता आधी मोबाईल नंबर, मग ओटीपी, मग अटी मान्य करा. खातं काढल्याशिवाय स्विचचं बटणच दिसत नाही. खातं काढलं तरी ब्रॉडबँडची लाईन तुटली की ॲपमध्ये स्विच ‘ऑफलाईन’. फोन आणि स्विच एकाच राऊटरला जोडलेले, मध्ये फक्त एक भिंत, पण हुकूम आधी बाहेरच्या सर्व्हरवर जाऊन परत आल्याशिवाय मोटर हलत नाही. नळाचं पाणी काही लाईन जोडून व्हायची वाट बघत थांबत नाही.

बाहेरगावाहून चालवायचं असेल तर खुशाल खातं मागा. घरात बसून घरातली वस्तू चालवायला खातं आणि इंटरनेट लागता कामा नये. आणि विकताना जी सोय दिली ती नंतर अपडेटच्या नावाखाली काढून घेणं हा सरळ दगा आहे.

हे आपल्याकडचंच आहे असंही नाही. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा हब (घरातली सगळी स्मार्ट उपकरणं एका ठिकाणाहून चालवणारा डबा) तीनशे डॉलरला विकला गेला, गूगलच्या नेस्टने ती कंपनी 2014 मध्ये घेतली आणि मे 2016 मध्ये सर्व्हर बंद केला. हब निकामी. तसलीच उपकरणं विकणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एप्रिल 2022 मध्ये न सांगता बंद पडले, शेवटी काही ग्राहकांनीच मिळून ती कंपनी विकत घेतली आणि सर्व्हर परत सुरू केले. फिलिप्स ह्यूचे दिवे कितीतरी वर्षं खात्याविना चालत होते, तिथेही 2023 मध्ये खातं सक्तीचं करणार असं जाहीर झालं.

आणि आपल्या मराठवाड्यात तर इंटरनेट जाणं म्हणजे नुसती लाईन तुटणं नव्हे. फेब्रुवारी 2024 मध्ये आरक्षणाच्या आंदोलनात जालना, बीड आणि आमच्या जिल्ह्यात सरकारनेच इंटरनेट बंद ठेवलं होतं. अशा दिवशी टाकीत पाणी चढवायचं नाही का?

जालना_फिटिंग

दादा, मी हीच कामं करतो म्हणून सविस्तर लिहितो. तुमचा त्रास खरा आहे, पण क्लाउडला, म्हणजे कंपनीच्या बाहेरच्या सर्व्हरला, शिव्या देऊन उपयोग नाही.

गिऱ्हाईक माझ्याकडे येतं ते ‘पुण्यात बसून इथली मोटर चालू करता आली पाहिजे’ म्हणूनच. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांच्या इंटरनेटमध्ये एक पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, पुष्कळ घरांत वाटलेला असतो. बाहेरून थेट तुमच्या राऊटरपर्यंत पोचताच येत नाही. स्विच स्वतःहून सर्व्हरला जोडून बसतो आणि तुमचा फोनही त्याच सर्व्हरला जोडतो, म्हणून हे चालतं. ते नको असेल तर स्वतःचा फिक्स आयपी घ्या, राऊटरमध्ये पोर्ट उघडा, म्हणजे बाहेरून आत यायला वाट ठेवा. किती जणांना जमेल?

पोर्ट उघडे टाकले की काय होतं तेही 2016 मध्ये दिसलं. मिराई नावाच्या व्हायरसने फॅक्टरीतले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि राऊटर गोळा केले आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. खातं आहे म्हणून फोन चोरीला गेला तर दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून जुना काढून टाकता येतो. काही शे रुपयांच्या स्विचमध्ये एवढी सोय मिळते. ओटीपी टाकायला अर्धा मिनिट लागतो.

सिडकोकर

बाहेरून यायला अडचण आहे, मान्य. पण घरातल्या घरात कुठला पब्लिक आयपी लागतो? मी विचारलं घरातलं, तुम्ही उत्तर दिलं पुण्याचं. बाहेरचा रस्ता सर्व्हरवरून जाऊ द्या, आतला का बंद केला एवढंच सांगा.

परभणीची_लेक

मी जालना_फिटिंग यांच्या बाजूने. आई परभणीला एकटी असते, मी पुण्यात. तिला गीझर बंद करायचं लक्षात राहत नाही. सकाळी साडेसातला मी ऑफिसच्या बसमध्ये ॲप उघडते, गीझर सुरू दिसला की बंद करते आणि मग तिला फोन लावते. भाऊ नागपूरला आहे, त्यालाही त्याच खात्यातून दिसतं. खातं नसतं तर हे कसं झालं असतं? तुम्हाला क्लाउड म्हणजे अडथळा वाटतो, मला तो आईपर्यंत पोचणारा हात वाटतो. ‘खातं नकोच’ असा सूर लागला की आमच्यासारख्यांचा कुणी विचार करत नाही.

सिडकोकर

ताई, तुमचं खातं काढून घ्या असं मी कुठेच म्हटलं नाही. परभणीत लाईन तुटली तर आईंना स्वतःच्या फोनवरून गीझर बंद करता यावा, एवढंच जास्तीचं मागतोय.

परभणीची_लेक

आईला भिंतीवरचं बटण आहे. ॲप तिच्यासाठी घेतलंच नाही, माझ्यासाठी घेतलं.

औसा_शिवार

घरातलं ऱ्हाऊ द्या, शेतातलं बघा. आमच्याकडं रात्रपाळीची लाईट आली की दीड-दोनला थ्री फेज येती. मोटर शेतात, घर गावात. त्या वक्ताला हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून अंधारात धुऱ्यानं जायचं, पायाखाली काय यील सांगता येत नाही. मोबाईल स्टार्टर आला आन हे जाणं वाचलं. त्याच्यात सिम असतंय. मिस कॉल दिला की मोटर चालू, मेसेज केला की बंद. ड्राय रन झाली, म्हंजी पाणी नसताना मोटर फिरली, की आपोआप थांबती. ना ॲप, ना खातं.

आता दुकानदार नवीन मॉडेल दाखवायलेत. ॲपवरच चालतंय, एक वर्ष फुकट, पुढं दरसाल सर्व्हरचा रिचार्ज. रिचार्ज संपला तर मोटर बंद. मी इचारलं, मिस कॉलवर चालंल का? नाही म्हणला. मग कामून घेऊ? मोटर माझी, बोअर माझा, वीजबिलबी माझंच.

पण जुन्याचीबी एक अडचण हाय, सांगतो. त्यातलं सिम टूजीवर चालतंय. जिओचं टाकलं तर चालत नाही, त्यांच्याकडं टूजी नाहीच. टूजी गेलं की आमचे स्टार्टर गेले.

नांदेड_सर्किट

सिडकोकर, ज्यात खातं लागतच नाही असे पर्याय आहेत. होम असिस्टंट हे मोफत सॉफ्टवेअर घरातल्या छोट्या कॉम्प्युटरवर चालतं, सगळे हुकूम घरातच राहतात. ईएसपी8266 चिप असलेल्या स्विचमध्ये कंपनीचं सॉफ्टवेअर काढून टास्मोटा हे खात्याविना चालणारं मोफत सॉफ्टवेअर टाकता येतं. मात्र अलीकडच्या पुष्कळ स्वस्त स्विचांत वेगळी चिप येते, त्यावर टास्मोटा सरळ बसत नाही, म्हणून घेण्याआधी चौकशी करा. नवीन घेणार असाल तर ‘मॅटर’चं चिन्ह बघा. 2022 मध्ये आलेल्या या मानकात घरातल्या घरात नियंत्रण धरलेलंच आहे.

आणि एक कळकळीची विनंती. मोटर थेट वायफायच्या स्विचवर टाकू नका. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, स्विचच्या आतल्या रिलेचे (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाचे) पॉइंट चिकटतात आणि मग ॲपवर बंद दिसली तरी मोटर चालूच राहते. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरीचा करंट झेलणारा मोठा स्विच, टाका.

जालना_फिटिंग

कॉन्टॅक्टरचं शंभर टक्के बरोबर. बाकीचं तुम्ही कराल नांदेडच्या ताई, तुम्हाला येतं. मी ते गिऱ्हाइकाच्या घरी बसवलं आणि दिवाळीत त्या छोट्या कॉम्प्युटरचं मेमरी कार्ड खराब झालं तर फोन कुणाला येणार? मला. आणि मी नसलो तर त्या घराला ते कळणारसुद्धा नाही.

दुसरं म्हणजे सर्व्हरचं बिल कंपनीला दर महिन्याला येतं आणि तुम्ही पैसे एकदाच देता. ते कुठून तरी निघणारच.

बीड_कोर्टरोड

मी वकिली करतो. पैसे कुठून निघायचे हा कंपनीचा हिशोब झाला, तो विकण्याआधी सांगायला हवा. आधी दिलेली सोय नंतर काढून घेतली तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर नोंद करा, जुन्या ॲपचे स्क्रीनशॉट आणि पेटीवरचा मजकूर जपून ठेवा. पेटीवर ‘इंटरनेटशिवाय चालते’ असं छापलेलं असेल तर बाजू भक्कम. नसेल तर लढाई अवघड, हेही आधीच सांगतो.

ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून अशा उपकरणांना सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळणार ते कंपनीने जाहीर करावं लागतं. आपण त्याच्या पुढचं मागावं. सर्व्हर किती वर्षं चालवणार आणि तो बंद पडल्यावर वस्तूचं काय काय चालू राहील, हे पेटीवरच छापा.

औसा_शिवार

हे बरूबर. आन मराठीत छापा.

सिडकोकर

वकीलसाहेब, पेटी ठेवली आहे. त्यावर ‘लोकल कंट्रोल’ असे दोन शब्द आहेत. उद्याच 1915 ला फोन लावतो.

आता जो कुणी नवीन घेईल त्याने दुकानात स्विच लावायला सांगावा, राऊटर चालू ठेवून मागची इंटरनेटची वायर काढावी, फोनचा डेटा बंद करावा आणि मग ॲपमधून दिवा लावून बघावा. लागला तरच पैसे द्यावेत.

जालना_फिटिंग

माझ्या दुकानात या, करून दाखवतो. पण जे त्यात पास होतात ते महाग आहेत, आणि गिऱ्हाईक किंमत ऐकून दुसरंच उचलतं हे रोज बघतो. म्हणून मी अजूनही म्हणतो, क्लाउडवालं सगळंच टाकाऊ नाही.

तुमच्या मोटरीला मात्र वायफाय लागतंच का हा प्रश्न आहे. हौदात एक फ्लोट (पाण्याच्या पातळीप्रमाणे चालू-बंद होणारा तरंगता स्विच), टाकीत एक फ्लोट आणि मध्ये कॉन्टॅक्टर असलं की पाणी आपोआप चढतं आणि आपोआप थांबतं, वडिलांना फोनही हातात घ्यावा लागत नाही. मोटर किती एचपीची आहे, हौदापासून टाकीपर्यंत वायर किती लागेल ते सांगा आणि स्टार्टरचा फोटो टाका.

सिडकोकर

एक एचपी, सिंगल फेज. वायर मोजून सांगतो. फ्लोटची वायर पाइपाबरोबर वर नेली तर चालेल का, की वेगळी पट्टी मारावी लागेल?