मदत हवी आहे: आपत्ती व्यवस्थापनात काम करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

वाळवंटीकाठची:

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या साखळीची. भूगोल घेऊन बीए केलं, सध्या एका खासगी कार्यालयात हिशेब सांभाळते. पण मनापासून जायचंय ते आपत्ती व्यवस्थापनात, तेही तालुका-जिल्ह्याच्या पातळीवर. दिल्लीत बसून धोरणं लिहिण्याची ओढ नाही. नदी चढायला लागली की बाजारातल्या माणसांना कधी उठवायचं, हे जे ठरवतात त्यांच्यात मला बसायचंय.

आमच्याकडे वर सत्तरी तालुक्यात पाऊस कोसळत असला, अंजुणे धरणातून पाणी सोडलं आणि नेमकी भरतीची वेळ आली, की वाळवंटी नदीचं पाणी लवकर उतरत नाही. नाल्याचं पाणी पंपांनी नदीत टाकावं लागतं. 2021 च्या जुलैत म्हादई नदीने सत्तरीतल्या कितीतरी लोकांची घरं पाडली, तेव्हापासून हे डोक्यात आहे. 2025 च्या मे महिन्यात शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली आणि विचार पक्का झाला. पुराची चाहूल निदान पावसावरून लागते. गर्दीत श्वास कोंडायला लागलाय हे ओळखायला तिथे शिकलेलं माणूसच उभं असावं लागतं.

माझं विचारणं असं: या कामाला नेमकं काय यावं लागतं? पदवी घ्यावी की आधी प्रशिक्षण? आणि घरादाराचा किती वेळ यात जातो? आईला रात्रपाळीची काळजी वाटते, तिला खरं काय ते सांगायचंय. गोड बोलून धीर देऊ नका, जे आहे ते लिहा.

रेडअलर्ट:

ताई, मी अनेक पावसाळे आपत्ती नियंत्रण कक्षात काढलेत, म्हणून लिहितेय. आधी रचना समजून घ्या. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. त्यांच्याखाली उपजिल्हाधिकारी, मामलेदार (म्हणजे तहसीलदार), तलाठी. निव्वळ आपत्तीसाठी म्हणून वेगळी पदं फार थोडी. बहुतेक भार महसूल खात्यातली माणसं आपलं रोजचं काम सांभाळून उचलतात. त्यामुळे कायमचं यायचं तर लोकसेवा आयोगाची किंवा कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा, नाहीतर अग्निशमन दल. कोकणी यायलाच हवी आणि 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. साखळीच्या मुलीला दोन्हींची अडचण नसावी.

आता कामाबद्दल. पावसाळ्यात सगळ्यात जास्त फोन झाड पडल्याचे येतात. माझा पहिला प्रश्न नेहमी हाच: वीजतार खाली आलीय का? आली असेल तर वीज खात्याने लाईन बंद केल्याचा निरोप येईपर्यंत अग्निशमनच्या पोरांनी करवत लावायची नाही. हा निरोप दोन्हीकडे पोचवणं आपलं काम. मग जागा. लोक घाईत 'देवळाकडे' एवढंच सांगतात. कुठल्या वाड्यावरचं देऊळ? पलीकडे कुणी आजारी अडकलंय का? हे सगळं वेळेसकट वहीत लिहायचं आणि काम झालं की त्याच माणसाला परत फोन करून खात्री करायची. समोरचा ओरडत असतो, कधी रडत असतो. आवाज न चढवता त्याच्याकडून हे सगळं काढून घेता आलं पाहिजे. माझ्या मते यापेक्षा मोठी विद्या या कामात नाही.

वेळेचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर रजेचा भरवसा धरू नका. चतुर्थी त्यातच येते. रेड अलर्ट, म्हणजे अतिवृष्टीचा सगळ्यात वरचा इशारा, लागला की गणपती घरी आणि आपण कार्यालयात. रात्रपाळी आहेच, कक्ष 24 तास चालतो. आईंना हे आत्ताच सांगा.

आणि एक. एप्रिल-मेमध्ये याद्या नव्याने तपासायच्या असतात: निवाऱ्याच्या शाळेची चावी कुणाकडे, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, जेसीबीवाला कोण, होडी कुणाची. यादीतला एकेक नंबर स्वतः लावून बघायचा. ऐन पुरात जी धावपळ होते ती या याद्यांवरच होते. असल्या कामाचा कंटाळा असेल तर या वाटेला न आलेलं बरं.

बंबावरचा:

बाळा, आता सेवानिवृत्त आहे, पण हे वाचून लिहावंसं वाटलं. परीक्षेची वाट बघत बसू नकोस. आपत्तीत मदतीला धावणारे स्वयंसेवक तयार करायच्या 'आपदा मित्र' योजनेत 12 दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं: प्रथमोपचार, शोध आणि बचाव, पूर, आग. नवी तुकडी आहे का, असली तर कधी, ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचार.

सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, तर आजच शिकायला घे. मिनिटाला 100 ते 120 वेळा, छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली जाईल इतकं दाबायचं. सरावाच्या पुतळ्यावर करून बघ, दोन मिनिटांत दंड भरून येतात. म्हणूनच माणूस बदलत राहायचा असतो. आणि नदीत पोहता येतं म्हणून पुराच्या पाण्यात उतरायचं नाही. त्यात ओंडके असतात, तारा असतात, खालची ओढ दिसत नाही. आधी काठावरून दोर फेकायचा, उडी अगदी शेवटी. धाडसी पोरांना हे पटवणं मला आगीपेक्षा जड गेलं.

नकाशावेडा:

रेडअलर्ट यांच्याशी थोडा असहमत. पदवीलाही किंमत आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा आपत्ती व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा नोकरी सांभाळून करता येतो. पूर्णवेळ शिकायची तयारी असेल तर मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. शिवाय तुमचा भूगोल वाया जाणार नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये तिळारी धरणाचं पाणी सोडलं तेव्हा पेडणे, डिचोली, बार्देशातल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. धरण महाराष्ट्रात, पाणी गोव्यात. पाणी सोडल्यावर कुठल्या वाड्यावर किती वेळात पोचेल हे नकाशावर मांडू शकणारं माणूस प्रत्येक मामलेदार कार्यालयात हवं.

रेडअलर्ट:

मान्य. फक्त डिप्लोमा हातात आहे आणि फोन उचलायला धजत नाही, असं होऊ नये एवढंच.

वाळवंटीकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं आणि रेडअलर्टताईंचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. रात्री आणायला-सोडायला कोण, हा तिचा प्रश्न अजून बाकी आहे. बाबा म्हणतात, ते बघू. इग्नूचा अर्ज भरणार आहे, परीक्षेचा अभ्यास त्यासोबत. आपदा मित्रची चौकशी सोमवारी पणजीला जाऊन करते. डिचोली किंवा सत्तरीतलं कुणी ते प्रशिक्षण घेतलेलं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नोकरीतून सलग 12 दिवस सुटी कशी काढली, ते विचारायचंय.