क्षमा आणि चाकरीचा प्रस्ताव

‘क्षमा जर विनामूल्य मिळते, तर माणूस पुन्हा पाप करायला मोकळाच झाला,’ हा आक्षेप ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल यालाही ठाऊक होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 6व्या अध्यायाची सुरुवात तो त्याच प्रश्नाने करतो. मला मात्र लूककृत शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातील, येशूच्या दाखल्यातला, वाटणीची संपत्ती उधळून बसलेला धाकटा मुलगा अधिक बोलका वाटतो. घरी परतण्यापूर्वी त्याने मनाशी जुळवलेल्या बोलण्याचा शेवट ‘मला आपल्या एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा’ असा होता. प्रत्यक्षात तो अपराधाची कबुली देतो, पण ही विनंती ओठांवर येण्याआधीच बाप झगा, अंगठी आणि जोडा आणायला सांगतो. कबुली ऐकून घेतली जाते, चाकरी करून ऋण फेडण्याचा प्रस्ताव मात्र बोलायचाच राहतो. अपराधभावाने ग्रासलेले अनेक विश्वासी (उपवास आणि प्रार्थनांचा हिशेब ठेवणारे विशेषतः) आयुष्यभर त्या मोलकऱ्याच्याच जागेवर उभे राहतात, असे माझे मत आहे. यामुळे भरपाई निरर्थक ठरते, असे मुळीच नाही. बायबलमधील जकातदार जक्कयाने लोकांकडून लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले, परंतु ते येशूने त्याच्या घरी उतरण्याचे आपणहून ठरवल्यानंतर. त्या भेटीसाठी ती पूर्वअट नव्हती.