मृतदेह हलवल्यानंतरही माती काही सांगते का?

प्रश्न: उघड्यावर कुजलेला मृतदेह नंतर दुसरीकडे हलवला, तर मूळ जागेच्या मातीवरून तो तेथे होता हे कळू शकते का?

उत्तर १: बरेचदा कळते. पेशी फुटून व जिवाणूंच्या क्रियेमुळे शरीरातील द्रव जमिनीत झिरपतात आणि त्यांबरोबर नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम व सोडियम मातीत उतरतात. प्रथिनांच्या विघटनातून अमोनियम साचते, त्यामुळे मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) बहुधा वाढतो; पुढे हवा खेळू लागली की जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. सुरुवातीला तेथील गवत जळून काळा, तेलकट डाग दिसतो, आणि कालांतराने त्याच्या कडेने गवत आजूबाजूपेक्षा हिरवेगार वाढते.

उत्तर २: काळाचा अंदाजही बांधता येतो. अमेरिकेतील टेनेसी येथे संशोधक अर्पाद वास व सहकाऱ्यांनी मृतदेहाखालच्या मातीतील प्रोपिऑनिक, ब्युटिरिक व व्हॅलेरिक आम्लांच्या प्रमाणावरून मृत्यूनंतरचा काळ काढण्याची पद्धत 1992 मध्ये मांडली. त्यात नुसते दिवस न मोजता रोजच्या सरासरी तापमानांची बेरीज धरतात, कारण कुजण्याचा वेग मुख्यतः उष्णतेवर ठरतो.

उत्तर ३: मात्र खत किंवा मेलेले जनावर यांमुळेही नायट्रोजन वाढतो, म्हणून थोड्या अंतरावरच्या, त्याच प्रकारच्या मातीचा तुलनेसाठी नमुना घेतल्याशिवाय निष्कर्ष काढूच नये, असे माझे ठाम मत आहे. वाळूतून पावसाचे पाणी नायट्रेट लवकर वाहून नेते, तर चिकणमाती अमोनियम धरून ठेवते.