मदत हवी आहे: तडजोडीचे हप्ते चालू, तरी बचत खात्यावर होल्ड

जिल्हा परभणी. थकीत पीककर्जाची बँकेशी लेखी तडजोड झालीय: १,२०,००० रुपये, सहा हप्ते. दोन वेळेवर भरलेत, पावत्या आहेत. तरी त्याच शाखेतल्या बचत खात्यावर होल्ड कायम. पासबुकात शिल्लक १४,३००, काढता येते शून्य. पीएम किसानचे २,००० अन् सोयाबीनचा विमाही त्यातच अडकला, आणि बियाणं तर आत्ताच घ्यायचंय. मंजुरीपत्रात होल्डचा उल्लेखच नाही. लेखी तक्रारीची पोच आहे. ३० दिवस व्हायचेत, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो नाही. पोस्टात नवीन खातं काढलंय, आधार मॅपिंग (सरकारी पैसे कोणत्या बँकेत जमा व्हायचे ती जोडणी) मात्र जुन्याच बँकेला. एक हप्ता चुकला तरी तडजोड रद्द, त्यामुळे जपून चाललोय.

मॅपिंग पोस्टाच्या खात्याला हलवलं तर तडजोडीला बाधा येते का? आणि अडकलेली रक्कम तिसऱ्या हप्त्यात वळती करायला अर्जात नेमकं काय लिहावं?