चर्चा: रशियन सिनेमा धाकामुळे थोर झाला, हे आपण अजून किती दिवस म्हणणार?

तिसरी_घंटा:

रशियन सिनेमाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "तिथं सेन्सॉर कडक, म्हणून दिग्दर्शक आडवळणानं बोलायला शिकले, आणि म्हणूनच सिनेमा एवढा उंच गेला." फिल्म सोसायटीच्या चर्चेत ऐकलंय, महोत्सवाच्या रांगेत ऐकलंय. मला हे मत चुकीचं वाटतंच, शिवाय निर्दयही वाटतं. ज्यांची उमेदीची वर्षं सेन्सॉरनं गिळली, त्यांच्या कामाचं श्रेय आपण त्याच सेन्सॉरला देऊन मोकळे होतो.

सनावळी बघा. १९१९ मध्ये लेनिनच्या सहीनं चित्रपटधंदा सरकारी झाला. मॉस्कोतली चित्रपटशाळाही त्याच वर्षीची. पुढच्या दहा वर्षांत आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' (१९२५), पुदोवकिनचा 'मदर' (१९२६), व्हर्तोव्हचा 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' (१९२९) आले. प्रचार होताच, पण शॉट कसा लावायचा, कुठं कापायचा हे अजून वरून ठरत नव्हतं. स्टालिननं मूठ आवळल्यावर काय झालं? आयझेनस्टाइनचा 'बेझिन मेडो' १९३७ मध्ये मधेच बंद पाडला. 'इव्हान द टेरिबल'च्या पहिल्या भागाला स्टालिन पारितोषिक, दुसऱ्यावर १९४६ मध्ये बंदी. लोकांना तो दिसला १९५८ मध्ये. आयझेनस्टाइन जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. १९५१ मध्ये तर एवढ्या अवाढव्य देशात कथापट निघाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आणि जे निघत होते ते कसे? 'कुबान कोसॅक्स' (१९५०) बघा. सामुदायिक शेतीवरची माणसं गात गात कापणी करतात, जत्रेत मालाच्या राशी लागल्या आहेत, चेहरे तुकतुकीत. प्रत्यक्षात जेमतेम तीन वर्षांपूर्वी, १९४६-४७ च्या दुष्काळात, लाखो माणसं भुकेनं मेली होती. १९५६ च्या पक्ष अधिवेशनातल्या भाषणात ख्रुश्चोव्ह म्हणाले की स्टालिनना शेती ठाऊक होती ती सिनेमातून, आणि सिनेमात तर शेतकऱ्यांची टेबलं हंस आणि टर्कीच्या भारानं वाकलेली असायची. देशाच्या प्रमुखानं आपणच सेन्सॉर केलेला सिनेमा बघून देश सुखात आहे असं मानायचं, इथवर मजल गेली होती.

स्टालिन १९५३ मध्ये गेले. चारच वर्षांत कालातोझोव्हचा 'द क्रेन्स आर फ्लाइंग' आला. बॉम्बहल्ल्यानंतर वेरोनिका धावत जिना चढते, दार उघडते, आणि दारापलीकडे घरच नाही. नुसती पोकळी आणि टिकटिकणारं घड्याळ. पण खरा धीटपणा त्याच्या पुढे आहे. प्रियकर आघाडीवर असताना ही मुलगी दुसऱ्याशी लग्न करते, आणि सिनेमा तिला शिक्षा करत नाही, तिच्याजवळ बसून राहतो. युद्धात सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गमावलेल्या देशात अशा वेरोनिका किती असतील! त्यांना पडद्यावर जागा मिळाली ती धाक सैलावल्यावर. १९५८ मध्ये कान महोत्सवात या सिनेमानं सर्वोच्च पारितोषिक घेतलं.

आता अलेक्सान्द्र आस्कोल्दोव्ह. त्यांनी १९६७ मध्ये 'कोमिसार' पुरा केला. यादवी युद्धात लाल सैन्यातली एक गरोदर अधिकारी गरीब ज्यू कुटुंबाच्या घरी बाळंत होते, एवढीच गोष्ट. ज्यूंविषयीची माया आणि त्यांच्या पुढच्या संहाराची दृश्यं वरच्यांना चालली नाहीत. सिनेमा वीस वर्षं डब्यात, दिग्दर्शक पक्षाबाहेर आणि धंद्याबाहेर. १९८८ मध्ये बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल हे पारितोषिक मिळालं, पण दुसरा कथापट त्यांच्या हातून झालाच नाही. धाकानं कला फुलते म्हणणाऱ्यांनी सांगावं, आस्कोल्दोव्हचे दुसरा, तिसरा, चौथा हे सिनेमे कुठं आहेत?

काळी_माती:

आस्कोल्दोव्हवर झालेला अन्याय कुणीच नाकारणार नाही. पण तुमची मांडणी एकांगी आहे. तुम्हाला सरकारच्या हातातली फक्त कात्री दिसते, दुसऱ्या हातातली थैली दिसत नाही.

तार्कोव्हस्कीचा 'आन्द्रेई रुब्ल्योव' घ्या. पंधराव्या शतकातल्या मूर्तिचित्रकारावर तीन तासांचा, जवळजवळ सगळा कृष्णधवल सिनेमा. शेवटच्या भागात एक पोरगा प्रचंड घंटा ओततो, त्यासाठी माती शोधण्यापासून साचा भाजण्यापर्यंतचं सगळं काम आपण बघतो. जगातल्या कुठल्या निर्मात्यानं एका तिशीतल्या दिग्दर्शकाच्या दुसऱ्याच चित्रपटाला हा पैसा दिला असता? हो, १९६६ मध्ये पुरा झालेला सिनेमा देशात लागायला १९७१ उजाडलं. पण तो बनला. 'स्टॉकर'चं तर बरंचसं चित्रण प्रयोगशाळेत खराब झालं, तरी तार्कोव्हस्कीला पुन्हा चित्रित करायला पैसे मिळाले. आपल्याकडे एखाद्याची फिल्म अशी वाया गेली असती तर तो घरी बसला असता.

आणि धाक सैल झाला की सिनेमा फुलतो म्हणता, मग नव्वदीचं दशक कसं समजवाल? सेन्सॉर गेला, त्याबरोबर पैसाही गेला. निर्मिती कोसळली, थिएटरात फर्निचरची आणि मोटारींची दुकानं थाटली गेली. तुमच्या हिशेबानं ते सुवर्णयुग ठरायला हवं होतं.

सुमेधा_क:

दोघांचं वाचलं. दोघेही दिग्दर्शकांबद्दल बोलताय. समाज कुठं आहे यात? सोव्हिएत संघात साठीच्या दशकाच्या अखेरीस वर्षाला ४ अब्जांहून जास्त तिकिटं विकली जात. ती काही तार्कोव्हस्कीसाठी नव्हती. लोक गायदाईचे विनोदपट बघायला जात होते, प्रेमकथा बघायला जात होते. १९५४ मध्ये आपला 'आवारा' तिथं लागला तेव्हा त्याला सहा कोटींहून अधिक प्रेक्षक मिळाले. स्टालिन जाऊन वर्षच झालं होतं. भाषणबाजीला कंटाळलेल्या माणसांना गाणी आणि डोळ्यांतलं पाणी हवं होतं, हे मला कुठल्याही महोत्सवी पारितोषिकापेक्षा जास्त काही सांगून जातं.

समाज कसा बदलला ते बघायचं तर र्‍याझानोव्हचा 'आयरनी ऑफ फेट' बघा. १ जानेवारी १९७६ ला तिथल्या टीव्हीवर दाखवला. मॉस्कोचा एक डॉक्टर ३१ डिसेंबरला मित्रांबरोबर इतकी पितो की चुकून लेनिनग्राडच्या विमानात पोचतो. तिथं उतरून टॅक्सीवाल्याला आपलाच पत्ता सांगतो. त्या नावाचा रस्ता तिथंही आहे, इमारतीचा नंबर तोच, आणि त्याच्या किल्लीनं कुलूपही उघडतं! आत फर्निचरसुद्धा तसंच. हे हसण्यावारी नेण्याजोगं नाही. त्याआधीच्या पिढीनं एका स्वयंपाकघरात चार-चार कुटुंबांनी चुली वाटून घेतल्या होत्या. ख्रुश्चोव्हच्या काळापासून भराभर इमारती उठल्या आणि कोट्यवधी लोकांना पहिल्यांदा स्वतःचं दार मिळालं. त्या दाराचा आनंद आणि सगळी दारं सारखीच असल्याचा उबग, दोन्ही या सिनेमात आहे.

तसाच 'मॉस्को डझन्ट बिलीव्ह इन टिअर्स' (१९८०). गावाकडून आलेली कात्या तान्ह्या मुलीला घेऊन वसतिगृहात एकटी राहते. रात्री रडत गजराच्या घड्याळाला किल्ली देते, झोपते. गजर वाजतो तेव्हा वीस वर्षं गेलेली असतात आणि ती कारखान्याची संचालक झालेली असते. याला ऑस्कर मिळालं, समीक्षकांनी नाकं मुरडली. मला यातला पुढचा भाग खटकतो. एवढं कर्तृत्व असलेल्या बाईला तिचा प्रियकर गोशा ऐकवतो की घरात निर्णय मी घेणार, कारण मी पुरुष आहे, आणि सिनेमाला त्यात वावगं वाटत नाही. पण त्या काळच्या घराघरांतलं खरं चित्र तेच होतं. कामाला समानता, घरी मात्र जुनंच. हा इतिहास 'स्टॉकर'मधून कळत नाही.

(मॉस्फिल्म या मॉस्कोच्या स्टुडिओनं आपले कित्येक जुने चित्रपट सबटायटल्ससह यूट्यूबवर फुकट ठेवले आहेत. जरूर बघा.)

दर्यावर्दी:

एक आक्षेप सगळ्यांवरच. 'रशियन' कुणाला म्हणताय? कालातोझोव्ह जॉर्जियन, तिबिलिसीत जन्मलेले. दोव्हझेन्को युक्रेनियन. पाराजानोव्ह आर्मेनियन, आणि १९७३ मध्ये त्यांना तुरुंगात टाकलं ते कीव्हमध्ये. किरा मुरातोव्हानं 'ब्रीफ एन्काउंटर्स' आणि 'द लाँग फेअरवेल' ओडेसाच्या स्टुडिओत केले, दोन्ही १९८७ पर्यंत दडपलेले. मराठी सिनेमाला बाहेरचा माणूस सरसकट बॉलिवूड म्हणतो तेव्हा आपल्याला जे लागतं, तेच त्यांना लागतं. आज युक्रेनवर युद्ध लादलेलं असताना तर हे नीट बोलायलाच हवं.

आपल्या बाजूचीही एक गोष्ट. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात आमच्या चौलला उतरला होता. त्याच्यावर १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि प्रोनिन यांनी मिळून 'परदेसी' केला, त्यात नर्गिस होत्या. दोन देशांच्या दोस्तीचा तो काळ होता. रेवदंड्याला निकितिनचं स्मारक आहे.

तिसरी_घंटा:

@दर्यावर्दी, पूर्ण सहमत. माझ्या मुद्द्याला त्यानं बळच मिळतं. मॉस्कोची पकड सगळ्यात जास्त बोचली ती बिगररशियनांना.

@काळी_माती, थैली होती, मान्य. पण तिची दोरी कुणाच्या हातात होती? तार्कोव्हस्कीनं आयुष्यात सात मोठे चित्रपट केले, त्यातले पाच मायदेशात. १९८४ मध्ये मिलानमध्ये त्यांनी परत जाणार नाही असं जाहीर केलं, आणि मुलाला सरकारनं बाहेर सोडलं ते १९८६ मध्ये, बाप कर्करोगानं आजारी पडल्यावर. त्याच वर्षअखेरीस ते पॅरिसमध्ये वारले. सरकारी पैशाला माझा विरोध नाहीच. पैसा देणाऱ्यानं माणूस मालकीचा समजू नये, एवढंच म्हणतोय.

पिंपळपार:

नव्वदीबद्दल थोडं. पैसा नव्हता, तरी बालाबानोव्हनं १९९७ मध्ये 'ब्रदर' केला. सैन्यातून सुटलेला दानिला पीटर्सबर्गला भावाकडे येतो आणि सहजपणे माणसं मारायला लागतो. हाती सीडी प्लेअर, अंगात जाडजूड स्वेटर, डोक्यात रॉक संगीत. कायदा नाही, पगार नाही, बाप नाही, अशा पिढीला तो आपला वाटला. मला तो सिनेमा थोर वाटतो आणि त्याची भीतीही वाटते, कारण दानिला परक्यांबद्दल जे बोलतो त्यावर प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या भागातलं ताकद सत्यात असते हे वाक्य २०२२ मध्ये युद्धाच्या प्रचारात वापरलं गेलं.

@काळी_माती, थैलीचं ताजं उदाहरण 'लेव्हिएथन' (२०१४). किनाऱ्यावरच्या एका मोटार मेकॅनिकचं घर महापौराला हवंय, आणि शेवटी त्या जागेवर उभं राहतं चर्च. सरकारी पैसा होता यात. सांस्कृतिक मंत्र्यांनी सिनेमा आवडला नसल्याचं उघड सांगितलं, आणि शिवीगाळीवरच्या नव्या कायद्यामुळे मायदेशात तो आवाज दाबून लावला गेला. झ्व्यागिन्त्सेव्हचा पुढचा 'लव्हलेस' (२०१७) सरकारी पैशाविना झाला. आता ते फ्रान्समध्ये राहतात. हल्ली सिनेमा डब्यात घालावाच लागत नाही. प्रदर्शनाचं प्रमाणपत्र काढून घ्यायचं, की झालं. २०१८ मध्ये 'द डेथ ऑफ स्टालिन'चं तसंच केलं.

काळी_माती:

माझं म्हणणं मी सोडत नाही. एलेम क्लिमोव्हचं काय? मे १९८६ मध्ये चित्रपटकर्मींच्या संघाचे ते प्रमुख झाले, समिती नेमून डबाबंद सिनेमे बाहेर काढले. 'कोमिसार'चा मार्ग त्यातूनच मोकळा झाला. त्यांचा स्वतःचा 'कम अँड सी' मात्र १९८५ चा, म्हणजे जुन्या व्यवस्थेतला. मोकळीक मिळाल्यावर २००३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी एकही चित्रपट केला नाही.

तिसरी_घंटा:

'कम अँड सी'ची परवानगी मिळवायला क्लिमोव्हना सात-आठ वर्षं झगडावं लागलं, हेही त्यात धरा. नंतर आपलं सांगून झालं असं त्यांना वाटलं आणि ते थांबले. तो त्यांचा निर्णय होता. आस्कोल्दोव्हना असा निर्णय घ्यायची वेळ कुणी येऊच दिली नाही. सिनेमा मोकळा झाला तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते.