पाट्या, गर्दी आणि मतं

घरांपुढच्या पाट्या आणि सभेची गर्दी बघितली की अमेरिकेतल्या प्रायमरीचा (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या, राज्याराज्यांतल्या मतदानाचा) वारा कळतो, असं म्हणतात. हे म्हणणं मला अर्धंच पटलं. २००८ची न्यू हॅम्पशायर राज्यातली प्रायमरी आठवा. रिपब्लिकन इच्छुक रॉन पॉल यांच्या समर्थकांचा उत्साह काय वर्णावा! जिकडेतिकडे पाट्या, १६ डिसेंबर २००७ या एका दिवसात ६० लाख डॉलर गोळा. मतं? जेमतेम ८ टक्के, नंबर पाचवा.

त्यापेक्षा त्याच वर्षीची आयोवा राज्यातली डेमोक्रॅट्सची कॉकस (उमेदवार निवडायला मतदारांनी प्रत्यक्ष जमायची बैठक) बघा. ३ जानेवारीची कडाक्याची थंडी, संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये जायचं होतं आणि चारचौघांदेखत आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं होतं. गट (बहुतेक ठिकाणी) जमलेल्यांच्या १५ टक्के भरला नाही तर तो बाद व्हायचा आणि शेजारीपाजारी 'आमच्यात या' म्हणून लगेच मनधरणीला हजर व्हायचे. एवढा खटाटोप करायला डेमोक्रॅट्सकडे २००४ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास माणसं आली होती; २००८ मध्ये जवळपास २ लाख ४० हजार. मोजायचा तर हा उत्साह मोजा. ओबामा तिथे जिंकले ते यावरच.

अर्थात पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये ओबामांच्या सभा ओसंडून वाहत होत्या, मतचाचण्याही त्यांच्याच बाजूने होत्या, आणि जिंकल्या त्यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन!